गुळवेल : कांडी तोडण्यापासून काढा थांबवण्यापर्यंत

गेल्या भाद्रपदात एक मावशी माझ्या रोपवाटिकेत आल्या. पिशवीतून हातभर वेल काढून समोर धरली. "हीच ना ओ गुळवेल? चार दिवस झाले, घरात सगळेच घेतोय." पानाला हात लावला तर मखमलीसारखं मऊ लागलं. वासनवेल होती ती. आपल्याकडे कुंपणावर, बाभळीवर कुठेही चढलेली दिसते. कुणाला काही बाधलं नव्हतं. पण काढा घेणाऱ्यांत पाचवा महिना चाललेली सून होती आणि शुगरच्या दोन गोळ्यांवर असलेले सासरे होते. वेल खरोखरच गुळवेल असती तर मला जास्त धास्ती वाटली असती.

सोलापुरात होटगी रोडला माझी छोटी रोपवाटिका आहे. पावसाळा लागला की रोज कुणीतरी कांडी मागायला येतं. कुणी गिलोय म्हणतं, कुणी गुळवेल. अक्कलकोटकडची माणसं अमृतबळ्ळी म्हणतात, शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत तिप्पतीगा. नावं चार, चुका मात्र सगळ्यांच्या सारख्याच. गुळवेलीचे गुण सांगायला घरोघरी माणसं आहेत, म्हणून ते इथे नाहीत. कामाचा क्रम तेवढा लिहिते. मी वैद्य नाही. मात्रेबद्दल जे लिहिलंय ते आयुर्वेदिक फार्माकोपियातलं (सरकारी औषधकोशातलं) आहे आणि माझ्या वैद्यबाईंना विचारून घेतलेलं आहे.

पायरी १ : घ्यायची की नाही, ते आधी ठरवा

लोक आधी वेल तोडतात, उकळतात, पितात आणि मग विचारतात, "शुगर आहे, चालेल ना?" हा क्रम उलटा आहे. खालच्यापैकी एक जरी गोष्ट लागू असेल तर वैद्य किंवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय वेलीला हात लावू नका.

शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटलेली असते असे आजार : रुमॅटॉइड आमवात, ल्यूपस, सोरायसिस, हाशिमोटोचा थायरॉइड, ऑटोइम्यून हेपॅटायटिस. "प्रतिकारशक्ती वाढवते" म्हणून आपण ज्या गुणासाठी गुळवेल घेतो, तोच गुण इथे अंगाशी येऊ शकतो. किडनी बदललेल्यांचंही तसंच. त्यांची औषधं प्रतिकारशक्ती दाबून ठेवण्यासाठीच असतात.

यकृताचा कुठलाही जुना त्रास, रोजची दारू, किंवा यकृतावर भार टाकणाऱ्या गोळ्या. टीबीचा कोर्स चालू असलेल्यांनी आणि मेथोट्रेक्सेट (आमवात-सोरायसिसवरचं औषध) घेणाऱ्यांनी तर नाहीच. उद्या एसजीपीटी (यकृताला इजा झाल्याची रक्तातली खूण) वाढलं तर गोळीमुळे की काढ्यामुळे, हे कळायला मार्ग राहत नाही आणि नाहक टीबीचा कोर्स थांबवावा लागतो.

गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, लहान मूल. ठरलेलं ऑपरेशन असेल तर किमान दोन आठवडे आधी बंद.

आणि शुगर. गुळवेल रक्तातली साखर खाली आणू शकते. गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना वरून काढा घेतला तर साखर गरजेपेक्षा जास्त उतरू शकते. ही चूक मी स्वतः केली आहे. वडिलांना ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी चालू होती. सकाळी रिकाम्या पोटी काढा दिला, त्या दिवशी नेमका नाश्ता लांबला, आणि दहाच्या सुमारास ते दिवाणावर घामाने भिजून बसलेले. हात थरथरत होते, शर्टाचं बटण लागत नव्हतं. मीटरवर ५८. साखरपाणी दिल्यावर सावरले. काढ्यामुळे झालं की उशिरामुळे, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण त्या गोळीबरोबर काढा द्यायचं मी कुणालाही न विचारता ठरवलं होतं, एवढं खरं.

आता यकृताबद्दल, कारण यावर लोक माझ्याशी भांडतात. कोविडच्या काळात घरोघरी महिनोन्‌महिने गुळवेल उकळली गेली. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. गुळवेल घेतल्यानंतर त्यांच्या यकृताला इजा झालेली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला : वनस्पती नीट तपासलेली नाही, तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा असू शकते. २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांमधल्या ४३ रुग्णांचा अभ्यास आला. काढा सुरू केल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत निम्म्या रुग्णांना ४६ दिवस किंवा त्याहून कमी लागले होते, बाकीच्यांना त्याहून जास्त. काहींमध्ये आधीपासून दबून असलेला ऑटोइम्यून यकृताचा आजार यामुळे उघडा पडला, असं त्या डॉक्टरांचं म्हणणं. मंत्रालयाची भूमिका मात्र कायम राहिली, की योग्य गुळवेल योग्य मात्रेत सुरक्षित आहे. वाद त्यांचा त्यांना लखलाभ. आपल्या स्वयंपाकघरात दोन्ही बाजूंचं ऐकलं तरी हातात तेच येतं : वेल नक्की ओळखा, विचारून घ्या, महिनेच्या महिने ओढू नका.

तपासा : घरातल्या प्रत्येकाचा विचार वेगळा करा. एकाच पातेल्यातून सगळ्यांना अर्धा-अर्धा कप, ही पद्धत बंद.

पायरी २ : वेल ओळखा, एका खुणेवर विसंबू नका

"पान बदामासारखं आहे" ही ओळख नव्हे. बदामी पानाच्या वेली ढीगभर आहेत, मनीप्लांटसुद्धा. या पाच खुणांपैकी फळ सोडून बाकीच्या एकाच वेलीवर जुळल्या पाहिजेत.

१. साल. जुन्या खोडावर कागदासारखी पातळ, मातकट-राखाडी साल असते. नखाने खरवडली की सुटते आणि खाली ओलसर हिरवं दिसतं. ही माझी सगळ्यात आवडती खूण, कारण सोलापूरच्या उन्हाळ्यात वेलीवर एक पान नसतानाही ती टिकून असते.

२. आडवा काप. धारदार सुरीने कांडी आडवी कापा. बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा मधून बाहेर जाताना दिसतील. चीक पांढरा, दुधाळ नसतो.

३. जटा. वरच्या फांद्यांतून दोऱ्यासारखी बारीक मुळं खाली लोंबतात, कधी दोन-दोन पुरुष लांब.

४. पान. विड्याच्या पानासारखं, पण पातळ आणि दोन्ही बाजूंनी गुळगुळीत. देठ लांब, बुडाशी थोडा फुगीर आणि पीळ पडलेला. पानाच्या पोटाला लव असेल तर तोडू नका. वासनवेल असेल किंवा गुळवेलीचीच दुसरी, लव असलेली जात.

५. फळ. हिवाळ्यात वाटाण्याएवढी गोल, लालभडक फळं घोसाने. हे मात्र मादी वेलीवरच मिळेल, म्हणून फळ नाही याचा अर्थ गुळवेल नाही असा धरू नका.

क्रिस्पा आपल्या माळरानात सहसा भेटायची नाही, ती येते रोपांच्या आणि सुक्या मालाच्या वाटेने. तिच्या खोडावर कारल्यासारखे जाड उंचवटे दाटीने असतात, कापल्यावर दुधाळ चीक दिसतो आणि फळ लांबट, नारिंगी. इथे एक गोंधळ होतो. आपल्या गुळवेलीच्या जून खोडावरही बारीक पुटकुळ्या असतात. त्या तुरळक आणि बसक्या असतात. नुसत्या पुटकुळ्या बघून घाबरू नका, चीक बघा.

सावधान : "कडू लागली म्हणजे गुळवेल" असं म्हणत अनोळखी वेल चावून बघू नका. चव ही शेवटची खूण, बाकीच्या जुळल्यावरची. कडू तर क्रिस्पाही असते.

शंका असेल तर पान, जून कांडी आणि असलंच तर फळ, असा नमुना घेऊन शेठ गोविंदजी रावजी आयुर्वेद महाविद्यालयातल्या द्रव्यगुणाच्या (औषधी वनस्पतींच्या विभागातल्या) माणसांना दाखवा. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या एका पानाच्या फोटोवरून मीही ओळखत नाही.

पायरी ३ : कुठली तोडायची

कडुलिंबावरचीच हवी, असा आग्रह असतो. मिळाली तर छानच, आणि सोलापुरात लिंबाला तोटा नाही. पण लोक लिंब बघतात आणि लिंबाखाली काय आहे ते बघत नाहीत. डाळिंब किंवा द्राक्षबागेच्या बांधावरच्या लिंबावर वेल असेल तर बागेवरची प्रत्येक फवारणी तिच्यावरही बसलेली असते. उसाच्या बांधावर तणनाशक मारलेलं असतं. एमआयडीसीच्या नाल्याकडेची, हायवेच्या धुळीत उभी असलेली, याही नकोत. अशा लिंबावरच्या वेलीपेक्षा तुमच्या परसातल्या तारेवर चढवलेली गुळवेल कितीतरी बरी.

तोडताना करंगळीपेक्षा जाड आणि अंगठ्याइतपत कांडी घ्या. कोवळ्या हिरव्या टोकांत दम नसतो. बुडापासून वेल कापू नका. मधला तुकडा काढला तर वरचा भाग जटा सोडून पुन्हा जमीन गाठतो.

पायरी ४ : धुणं, सोलणं, ठेचणं

वाहत्या पाण्याखाली कांडी घासून धुवा. वरची कागदी साल काढून टाका, धूळ आणि बुरशी तिच्याखालीच असते. हिरवा भाग ठेवा. बोटाच्या पेराएवढे तुकडे करून खलबत्त्यात ठेचा, तंतू उकलले पाहिजेत. मिक्सरमध्ये पाणी घालून फिरवलं की फेसाळ हिरवा रस होतो. तो काढा नव्हे आणि त्याची मात्राही वेगळी. अख्खे तुकडे उकळणं ही उलटी चूक. पाणी पिवळं होतं, पण अर्क आतच राहतो.

पायरी ५ : माप आणि उकळ

सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो, म्हणून सावकाश वाचा.

फार्माकोपियात काढ्यासाठी दिवसाला २० ते ३० ग्रॅम गुळवेल सांगितली आहे, आणि पूड घ्यायची असेल तर ३ ते ६ ग्रॅम. मी घरच्यासाठी २० च्या वर जात नाही. बोटाएवढ्या जाडीचा वीतभर तुकडा म्हणजे साधारण २० ग्रॅम. पण वीत प्रत्येकाची वेगळी, त्यामुळे पहिल्यांदा तरी किराणावाल्याच्या काट्यावर तोलून बघा आणि तो अंदाज डोळ्यांत ठेवा. अंदाजाने "मूठभर" टाकणाऱ्यांची मूठ मी एकदा तोलली होती. ७० ग्रॅम भरली.

ओली आहे, पाणी जास्त असतं, म्हणून दुप्पट घ्यायची, असा हिशेब काही जण करतात. बऱ्याच वनस्पतींना तो नियम आहेही. पण गुळवेल मुळातच ओली वापरायची, आणि ओली म्हणून तिला दुप्पट करायचं नाही, हा आयुर्वेदातला जुना अपवाद आहे. अडुळसा, शतावरी याही त्याच यादीत.

आता पाणी : वजनाच्या सोळा पट, आणि आटवून चौथाई. २० ग्रॅमला ३२० मिली पाणी, उरले पाहिजेत ८० मिली. चौथाई झाली की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. एक सोपी युक्ती सांगते. आधी पातेल्यात नुसतं ८० मिली पाणी घाला, लाकडी चमच्याचा दांडा त्यात उभा धरून ओल्या रेघेवर खूण करा. मग उरलेलं २४० मिली पाणी आणि ठेचलेली गुळवेल टाका. मंद आंच, झाकण उघडं. मधूनमधून दांडा बुडवून बघा. पाणी खुणेला आलं की उतरवा, लगेच गाळा, चोथा फडक्यातून पिळून घ्या.

पातेलं स्टीलचं, ॲल्युमिनियमचं नको. कुकर तर नकोच, त्यात पाणी आटतच नाही.

सावधान : काढा त्या दिवसाचा त्या दिवशी. रविवारी आठवड्याचा करून बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवायची पद्धत सोडा. आंबतो, आणि कुणी किती प्यायलं त्याचा हिशेब राहत नाही.

पायरी ६ : घेणं, आणि भिंतीवर लिहिणं

८० मिलीचे दोन भाग, सकाळ-संध्याकाळ, किंवा वैद्य सांगतील तसं. पोट नाजूक असेल तर काहीतरी खाऊन मग घ्या.

गुळवेल एकटीच उकळा. सुंठ, मिरे, दालचिनी, हळद, तुळस, वर पपईच्या पानाचा रस, असा भारा घातला की काही बिघडल्यावर संशयित सात निघतात. त्यात "इम्युनिटी"च्या गोळ्याही चालू असतात, आणि त्यांच्या डबीवर बघावं तर आत पुन्हा गुळवेलच. सगळीकडची मिळून मात्रा किती झाली, हे कुणी मोजत नाही. घरातल्या सगळ्या डब्या एकदा टेबलावर मांडा आणि घटक वाचा.

दिवाणखान्यातल्या दिनदर्शिकेवर पहिल्या दिवशी सुरुवात लिहा आणि त्याच क्षणी शेवटचीही तारीख लिहून टाका. कोविडनंतरच्या सल्ल्यात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने गुळवेलीची पूड १ ते ३ ग्रॅम, १५ दिवस, असं सांगितलं होतं. स्वतःच्या हिशेबाने घेताना १५ दिवस ही माझ्या घरातली शेवटची रेघ आहे. "मानवतंय तर चालू ठेवू" हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकते, आणि वर सांगितलेले ४६ दिवस अशाच वाक्यातून भरतात.

तापात काढा देणाऱ्यांसाठी वेगळं. आपल्याकडे गणपती-नवरात्रात डेंग्यूची धामधूम असते. डेंग्यूत यकृताची एंझाइम्स मुळातच वाढलेली असतात, सोबत पॅरासिटामॉलही चालू असतं. त्यावर काढा ओतून काय साधणार? तापात आधी रक्त तपासा, पाणी पीत राहा, आणि काढा चालू केलाच असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

पायरी ७ : कधी थांबायचं

भूक मेली. सारखी मळमळ. अंगावर पुरळ नाही पण खाज थांबत नाही. कारण नसताना गळून गेल्यासारखं. उजव्या बरगडीखाली जडपणा. लघवी कोऱ्या चहासारखी गडद. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर. यातलं एक जरी दिसलं तर काढा त्याच दिवशी बंद, आणि एसजीपीटी, बिलिरुबिन तपासायला रक्त द्या. माणूस असंबद्ध बोलू लागला, भलत्या वेळी गुंगीत राहू लागला, तर सकाळची वाट बघू नका, थेट सिव्हिल किंवा जवळचं मोठं रुग्णालय.

आता या सगळ्यातली सर्वांत घातक चूक. गुळवेल काविळीवरही परंपरेने देतात. त्यामुळे काढा घेणाऱ्याचे डोळे पिवळे दिसले की घरातलं कुणीतरी म्हणतं, "कावीळ झाली, गुळवेल वाढवा." ज्याच्यामुळे झालं असेल तेच दुप्पट. काढा चालू असताना डोळे पिवळे झाले तर कुठलंही झाडपाल्याचं औषध देऊ नका, काविळीचं म्हणून गावात मिळणारंही नको.

दवाखान्यात जाताना उरलेली कांडी, पुडी किंवा डबी सोबत न्या. "काहीतरी आयुर्वेदिक घेत होते" एवढ्यावर डॉक्टर काय ओळखणार? बरं वाटल्यावर "बघू पुन्हा थोडी घेऊन" हा प्रयोगही नको.

पूड किंवा सत्त्व विकत घेत असाल तर

सुटी पूड मी घेत नाही. पूड झाली की साल, चाक, चीक, सगळ्या खुणा संपल्या, उरतो विश्वास. पाकिटावर परवाना क्रमांक, बॅच, मुदत आणि टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया हे पूर्ण नाव बघा. नुसतं "गिलोय" लिहिलेलं पुरेसं नाही. सुक्या कांड्या घेतल्या तर मोडून बघा. आत काळपट डाग किंवा कुबट वास असेल तर परत करा. आपल्याकडच्या उन्हात कांडी वरून दोन दिवसांत कडक होते आणि आतून ओलीच राहते, बुरशी तिथेच धरते.

सत्त्व म्हणजे ठेचलेली गुळवेल पाण्यात कोळून तळाशी बसलेला पांढरा स्टार्च. निघतं फार थोडं, म्हणून भेसळ फार. आयोडीनचा थेंब टाकून "निळं झालं, शुद्ध आहे" असं सांगणारा भेटला तर हसून पुढे जा. बटाट्याचा स्टार्चही तसाच निळा होतो.

उरलेली कांडी

फेकू नका, लावा. वीतभर कांडी, किमान दोन पेरं, वाढीची दिशा वरच ठेवून एक पेर मातीत. उलटी लावली तर सुकते. जूनच्या पहिल्या पावसानंतर लावली तर सहसा जगते. पाणी साचू देऊ नका. आणि कुंडीवर ऑइलपेंटने नाव लिहा. मावशींनाही मी तशीच एक कुंडी दिली, मोठ्या अक्षरांत "गुळवेल" लिहून, आणि खाली सुनेसाठी बारीक अक्षरात, "बाळंतपण होऊन बाळ अंगावरचं दूध सोडेपर्यंत नाही."